तांबडा काटा

"वयनी, दशरथाचा घड्याळ घेवन इलंय," असं म्हणून इनास दारातच उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना.

मी मागच्या पडवीत सुंगटं, म्हणजे सुकवलेली कोळंबी, निवडत बसले होते, तशीच उठून आले होते. हाताला तो वास, कपाळाला घाम, पदर कमरेला खोचलेला. पाहुण्यासमोर जायची ही काही तऱ्हा नव्हे, पण इनास फर्नांडिस पाहुणा थोडाच होता? उभादांड्याचा पोरगा, माझ्या नवऱ्याच्याच जहाजावर, इंजिनरूमात त्याच्याच पाळीला काम करणारा. सुट्टीवर आला की आमच्याकडचे घावणे खाल्ल्याशिवाय त्याचा पाय निघत नसे. आणि आता तोच माणूस उंबऱ्याबाहेर चपलांवर उभा होता आणि खिशातला हात बाहेर काढत नव्हता.

"खंयचा घड्याळ?" मी विचारलं.

उगाच विचारलं. ते घड्याळ वाडीतली शेंबडी पोरंसुद्धा ओळखत होती.

दशरथानं ते सिंगापूरला घेतलं होतं, जहाजाच्या इंजिनावर मोटरमनचा हुद्दा मिळाला त्या वर्षी. पाणबुड्यांचं घड्याळ. दोनशे मीटर खोल पाण्यात चालेल असं त्याच्या पाठीवर कोरलेलं होतं. इंजिनाच्या पोटात बसून दिवसभर तेल पुसणाऱ्या माणसाला पाणबुड्याचं घड्याळ कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाला, "वस्तू घेवची तर दमाची घेवची." नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय! मनगटावर वजनाचं माप बांधल्यासारखं दिसायचं. लोक विहिरीवर आंघोळीला जाताना घड्याळ काढून ठेवतात, हा मुद्दाम घालून जाई आणि चार माणसांत काच पुसून वेळ बघे. पाण्याखाली किती वेळ गेला ते मोजायला त्याला बाहेरून एक फिरतं कडं होतं. आमच्या घरी ते कडं अंडी उकडताना लावत.

त्याला सेल नव्हता आणि रोजची चावीही नव्हती. हात हलला की आतलं चाक फिरायचं आणि त्यावर ते चालायचं. काढून फळीवर ठेवलं तर दोन दिवसांत बंद.

"म्हणजे तुमच्यासारखाच," मी म्हटलं होतं. "ढकलल्याशिवाय उठना नाय."

समोर मी त्याला 'तुमी' म्हणत असे. आता तोंडात एकेरीच येतं.

पण त्या घड्याळाची खरी मिजास होती ती तांबड्या काट्यात. साध्या घड्याळाला असतात ते काटे होतेच. शिवाय एक लांब तांबडा काटा, जो दिवसभरात एकच फेरा घ्यायचा, चोवीस तासांच्या खुणांवरून. त्यामुळे तो दाखवतो ती सकाळ की संध्याकाळ, तेही कळे. जहाज पुढं सरकतं तशी जहाजावरची वेळ बदलते. कप्तान सांगेल तेव्हा सगळ्यांनी घड्याळ तासभर मागं नाहीतर पुढं करायचं. तेव्हा फक्त तासाचा बारका काटा टकटक सरकवायचा. तांबड्याला हात लावायचा नाही. तो घरच्या वेळेवर.

"ह्यो तांबडो म्हणजे तू," दशरथ म्हणायचा. "मी खंयव असांदे, तू उठलंस काय जेवलंस काय, माका हंय दिसता."

"आणि मी भांडलंय तर?"

"ता घड्याळाशिवाय समाजता."

एक खोड मात्र होती. जगातली बंदरं तासातासाच्या फरकानं चालतात आणि आपलं मध्येच अर्ध्या तासावर अडलेलं. त्या घड्याळात तो अर्धा तास बसत नसे. "तो मनात धरूचो," दशरथ सांगायचा. मला ते फार आवडायचं. सगळी दुनिया त्या काचेत मावते आणि आपल्यासाठी माणसाला काहीतरी मनात धरावं लागतं.

तो सुट्टीवर आला की पहिल्या दिवशी ते घड्याळ माझ्या हातात द्यायचा आणि बारका काटा मी घरच्या वेळेवर आणायचा, असा आमचा रिवाज पडला होता. त्यामुळं काटे फिरवायच्या बाजूच्या चावीचा आटा कसा सोडवायचा, कितीवर ओढायची, सगळा माझ्या हातचा मळ होता. तांबडा काटा एकटा हलत नाही, हेही ठाऊक होतं. त्याला हलवायचं तर चावी पूर्ण ओढून सगळेच काटे फिरवावे लागतात आणि मग बारका काटा पुन्हा जागेवर आणावा लागतो. चुकून हात लागला आणि सरकला, असं त्याचं होत नाही.

तर त्या वर्षी शिमगा सरला आणि मुंबईहून कंपनीचा फोन आला. जहाज ब्राझीलला, सांतोस बंदराबाहेर नांगरून होतं. सकाळी पाळीवर दशरथ आला नाही. सगळं जहाज पालथं घातलं, समुद्रात बोटी फिरवल्या. रात्री डेकवरून पडला असावा, असं म्हणाले. पुढं त्याची ट्रंक आली. कपडे, दाढीचं सामान, रवळनाथाची तसबीर, मी दिलेला गोधडीचा तुकडा. घड्याळ नव्हतं.

त्या नसलेल्या घड्याळावर आम्ही दोघं जगत होतो. दोघं म्हणजे मी आणि माझे सासरे. आम्हाला मूलबाळ नव्हतं, सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. एवढ्या मोठ्या घरात एक म्हातारा आणि एक मी. आबांचं म्हणणं एकच, "घड्याळ हातात आसा म्हणजे तो खंयतरी आसा." मला त्यातला वेडेपणा कळत होता. पाण्यात पडलेल्या माणसाच्या हातात घड्याळ असलं म्हणून काय त्याला तरंगवतं? पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तशी मीही त्याला धरून होते. कपाळावर कुंकू ठेवलं होतं. विहिरीवर बायका कुजबुजायच्या आणि मी गेले की एकदम भाजीपाल्याचं बोलायला लागायच्या.

भावकी मागं लागली होती. महालयाच्या आधी दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकून घ्या, जीव असा टांगून ठेवणं बरं नव्हे, पितरांत त्याला जागा नको काय? आबा ऐकत नव्हते. "घड्याळ गावलां नाय तोवर माझो झील मेलो असा कोणी बोलूचा नाय," एवढंच म्हणायचे आणि रोज दुपारी काठी टेकत टेकत एसटीच्या थांब्यावर जाऊन बसायचे. सावंतवाडीची गाडी यायची, माणसं उतरायची, आबा एकेकाचं तोंड बघायचे आणि परत यायचे. पावसाळाभर गेले. भिजून यायचे, तापानं फणफणायचे, उतरला की पुन्हा जायचे. माणूस नुसता हाडांवर आला होता. मी रागावले तर म्हणायचे, "मी नाय गेलंय आणि तो इलो तर?"

इनास आला तेव्हा आबा तिकडेच गेलेले होते.

शेवटी मीच त्याला दंडाला धरून आत आणलं. तो बाकावर टेकला. खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून त्यानं माझ्यासमोर ठेवली आणि नजर जमिनीवर वळवली.

"नळाकडे काढून ठेवलेलान," तो म्हणाला. पाठ केल्यासारखं म्हणाला. "हात धुवक. मगे डेकवर गेलो आसतलो. माका मागाहून गावलां. कंपनीच्या सामानात कित्याक टाकू, मीच हाताक बांदून हाडलंय."

मी पुरचुंडीला हात लावला नाही. घड्याळ घरी आलं याचा अर्थ मला कळत होता. इतके दिवस जे धरून ठेवलं होतं ते हातातून सुटलं आणि मला खरोखर वाटलं, खालची जमीन गेली. मी भिंतीला टेकून बसले. रडू आलं नाही. इनास उठून आत गेला आणि त्यानंच मला तांब्याभर पाणी आणून दिलं.

बऱ्याच वेळानं मी रुमाल सोडला. घड्याळ चालू होतं.

"चालता," मी म्हटलं.

"व्हय तर. बंद पडूक देव नको म्हणान दशरथान बजावलेलान."

आधी मला त्या बोलण्यात काही खटकलंच नाही. मी ते घड्याळ तळव्यावर घेतलं, पदरानं काच पुसली आणि सवयीनं आधी तांबडा काटा बघितला.

घड्याळात साडेचार झाले होते. आमच्या भिंतीवरच्या घड्याळातही तेवढेच. म्हणजे तांबड्यानंही दुपार दाखवायला हवी होती. तो सकाळ दाखवत होता. आठ, फार तर साडेआठ.

"ह्या काट्याक तू हात लावलंस?"

"मी?" इनास म्हणाला. "नाय वयनी. मुंबयत उतारल्यार अर्धो तास पुढे केलंय नि बारको काटो फिरवलंय. तांबड्याक कित्याक हात लावू? तो तेचो."

खरं बोलत होता. इनासला खोटं बोलता येत नाही. नळाची गोष्ट सांगतानाच त्याचे कान लाल झाले होते. मी घड्याळ जरा लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. काटा तिथंच. आणि मी सहज, सुंगटांचा भाव विचारावा तशी, म्हटलं,

"इनास, आता सकाळचे आठ खंय वाजले आसतले रे?"

"सांतोसाक," तो म्हणाला.

दर्यावर्दी माणसाला कुठली वेळ कुठं, हे झोपेत विचारलं तरी सांगता येतं. जीभ पुढं गेली आणि डोकं मागून आलं. इनासनं तोंडावर हात ठेवला.

बेपत्ता होण्याआधी दीड-दोन वर्षं दशरथाचा फोन अवेळी यायचा. कधी मी पाणी भरत असताना, कधी ऐन झोपेत. मी चिडून म्हणायचे, "घड्याळ बघूक येना नाय काय तुमका?" तो म्हणायचा, जहाजाची वेळ बदलली, गडबड होते. जहाजाची वेळ बदलली म्हणून तांबडा काटा बदलत नाही, हे मला कळायला हवं होतं. घड्याळाची सगळी अक्कल माझ्याकडे होती, आणि तरी मी ती गडबड खरी मानली. नवऱ्याचं खरं मानायची सवय लागलेली असते, दुसरं काय. आणि नळाकडे मागाहून सापडलेलं घड्याळ बंद पडू देऊ नको, असं बुडालेला माणूस कसा बजावेल?

"तो जिवंत आसा," मी म्हटलं.

इनासनं क्रूसाची खूण केली.

"वयनी, माका शपथ घातलेलान..."

"तुझी शपथ तू चुलीत घाल. जिवंत आसा की नाय?"

"आसा."

"थंय?"

"थंयच. सांतोसाक."

"एकलो?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. माझ्या आवाजात राग नव्हता, याचंच मला आश्चर्य वाटत होतं. राग यायला जागा लागते. माझं सगळं आतून रिकामं झालं होतं.

"एक बायल आसा," इनास अखेर म्हणाला. "बंदराकडे खाणावळ चालयता. जहाज थंय पंधरा पंधरा दिवस नांगरून ऱ्हवता. दर खेपेक जावक लागलो. आमी सगळ्यांनी सांगून बघितलंव, वयनी. देवाशप्पथ. मगे शेवटाक भाजीची होडी येता तेतूर बसलो नि गेलो. जाताना घड्याळ माझ्या हातार बांदल्यान. तो म्हणालो, आबांका दी. नळाकडे गावलां म्हणान सांग. तेंका वाटांदे मी बुडालंय."

"आणि माका?"

"काय?"

"माका काय सांगूक सांगल्यान?"

इनास रुमालाची घडी घालायला लागला. चौकोनी केली, मोडली, पुन्हा चौकोनी केली.

"मी इचारलंय तेका. वयनीक काय सांगू म्हणान. तो म्हणालो, कायएक सांगू नको."

तेव्हा मात्र राग आला. मेल्या, बुडण्याचं नाटक एवढं बारकाईनं रचलंस, होडी ठरवलीस, नळ ठरवलास, साक्षीदार ठरवलास, आणि तांबडा काटा तसाच ठेवून दिलास! म्हणजे तो किती मुरला होता तिथं. घर म्हटलं की त्याला ती खाणावळ इतकी सहज आठवत होती की आपल्या हातावर काही वेगळं दिसतंय हेसुद्धा त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं. बायको गेली, बाप गेला, आणि माणसाला ते घड्याळात बघूनही कळलं नाही.

"अजून एक आसा," इनास खाली बघून म्हणाला. "आता सांगतंय तर सगळाच सांगतंय. झील झालोसा तेका. बारको आसा. रांगता."

मी उठले आणि खिडकीपाशी गेले. माझ्या पाठीवर डोळे ठेवून तो बसला असणार. कोपऱ्यातल्या माडावरून कुणीतरी झावळी तोडत होतं, तिचा आवाज येत होता. किती डॉक्टर झाले, किती नवस झाले, किती जणींनी मला बारशाला बोलवायचं टाळलं. ते सगळं एकदम आठवलं असं नाही. त्याच्यातलं काहीच आठवलं नाही. मला फक्त एवढंच वाटलं की मी या घरात कुणी नाही. ना बायको, ना विधवा. सवाष्ण म्हणायला नवरा नाही आणि विधवा म्हणायला मरण नाही. इतकं एकटं मला घड्याळ येण्याआधी कधी वाटलं नव्हतं. तो बुडाला असं धरून चालले होते तेव्हासुद्धा तो निदान माझा होता.

शेताच्या बांधावर आबा दिसले. एसटी येऊन गेली होती. नेहमीसारखेच परत येत होते. दोन पावलं, काठी, मग दम खायला थांबणं.

"काका येतत," इनासही उठला होता. "वयनी, तेंका सांगूया. खरा ता सांगूया. माझी शपथ मोडांदे. झील जिवंत आसा, नातू आसा. म्हाताऱ्याक बरा वाटात."

"आणि मगे?"

"मगे काय?"

"मगे तो कधी येतलो म्हणान इचारतीत, तेंका काय सांगशीत?"

इनास पुन्हा बाकावर बसला.

"तो येतलो?" मी विचारलं.

"नाय," तो म्हणाला. "तो काय येवचो नाय."

"आज एसटीर जातत. मगे दर्यार जावन बसतीत. नातवाची वाट बघत. एका माणसाची वाट बघून एवढे सुकले, आता दोघांची बघूक लावू?"

हे मी आबांसाठी म्हटलं की स्वतःसाठी, मला आजही नक्की सांगता येणार नाही. आबांची काळजी होती, खोटं कशाला बोलू? पण त्या खाणावळवालीचं पोर या घरात नातू म्हणून नावानिशी यावं, आबांनी शेजारीपाजारी सांगावं, आणि मी त्यांना जेवण वाढत ते ऐकावं, हेही मला सोसवलं नसतं. दोन्ही होतं. माणसाच्या मनात काही डबे वेगळे ठेवलेले नसतात, सगळं एकाच टोपात शिजतं.

आबा कुंपणाच्या बाहेरच्या आंब्यापर्यंत पोचले होते. तिथं ते रोज बसत, थोडा वेळ.

आबांना तांबडा काटा वाचता येत होता. दशरथानंच शिकवला होता त्यांना, ओसरीवर मांडीला मांडी लावून. ते आल्या आल्या तोच बघणार.

मी चावीला बोटं लावली. सुंगटांच्या वासानं, ओलाव्यानं बोटं घसरत होती. पदरानं पुसली आणि आटा सोडवला. चावी पूर्ण ओढली तसा सेकंदाचा काटा थांबला.

"वयनी, काय करतात?"

"गप ऱ्हव."

सगळे काटे फिरवायला लागले. मोठा काटा गरगर फिरत होता, बारका त्याच्या मागून, आणि तांबडा आपला सावकाश. सकाळ संपली. तिथली दुपार झाली. ती बाई दुपारी खाणावळीत वाढत असेल, पोर पायात घोटाळत असेल, आणि माझा नवरा तिथं खुर्चीवर बसला असेल. मी फिरवत राहिले. तांबडा काटा आमच्या वेळेवर आला तेव्हा थांबवला. मग चावी अर्धी आत दाबून बारका काटा त्याच्या जागेवर आणला, टकटक. दाबून, पिळून, आटा बसवला. सेकंदाचा काटा पुन्हा चालायला लागला.

माझा नवरा मी असा मारला. त्याचं मला वाईट वाटत नाही. तो स्वतः निम्मा मरून बसला होता, उरलेला निम्मा मी मारला.

"तू तुझा नळाचा सांग," मी इनासला म्हटलं. "पयल्यासारखा सांग. आणि कान लाल करू नको."

आबा आले. पायरीवर काठी टेकवून उभे राहिले. इनासला बघितलं, मग माझ्या हाताकडे बघितलं. मी घड्याळ पुढं केलं. त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं, देवाचा अंगारा घ्यावा तसं, आणि कानाशी नेलं.

इनास बोलला. नळ, हात धुणं, डेक. आबा ऐकत होते की नाही कळत नव्हतं. ते घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन तिरकं करून बघत होते. मोतीबिंदूनं त्यांना नीट दिसत नव्हतं.

"चारू," ते म्हणाले. "तांबडो खंय आसा गो?"

"आपल्याच येळेर आसा, आबा."

"बरोबर बघ."

"बघितलंय."

त्यांनी मान वळवली. "इनास, तू हात लावलंस काय रे तेका?"

मी इनासकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर सगळंच फिसकटलं असतं.

"नाय काका," इनास म्हणाला. त्याचा आवाज अगदी स्वच्छ होता. "मी फकत बारको काटो फिरवलंय. तांबडो तेचो."

आबा खाली बसले. पायरीवरच बसले, धोतर चिखलात गेलं त्याचंही भान नव्हतं. त्यांनी घड्याळ छातीशी धरलं आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते शब्द त्यांच्या तोंडून आले.

"मेलो गो. माझो झील मेलो."

म्हातारा माणूस रडतो तेव्हा आवाज फारसा होत नाही, नुसतं सगळं शरीर हलतं. इनास ओट्याच्या खांबाला धरून तोंड फिरवून उभा होता. मी आबांच्या शेजारी जाऊन बसले. त्यानंतर ते एसटीवर कधी गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी भट आले, पुतळा झाला, महालयाला दशरथाचं नाव घेतलं गेलं. आबा पुढं पुष्कळ वर्षं जगले, जेवले, ओसरीवर जाळी विणली, माझ्याशी भांडलेही. पण ते सगळं नंतरचं. त्या वेळी ते कितीतरी वेळ रडत होते, आणि मी कोरडी बसले होते. डोळ्यांतून टिपूस येईना. लोक काय म्हणतील, आबा काय म्हणतील, हेच डोक्यात.

आबांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. माझं कोरडं तोंड त्यांना दिसलं असणार. त्यांना वाटलं, हिला धक्का बसलाय. त्यांनी आपला हडकलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि माझी समजूत काढायला लागले.

"रड, चेडवा. रडान घे," ते म्हणाले. "पण एक मनात धर. शेवटापर्यंत तो आपलीच येळ बघी होतो. तुका इसरूक नाय तो."

मग मी रडले.